मालनकाकींची दुर्मिळ माती

"देवप्रसाद काल सपाटून पडलो रे," असं मालनकाकींनी मला कुंपणावरून सांगितलं, तेव्हा आम्हाला डिचोलीत राहायला येऊन थोडेच दिवस झाले होते. मी हातातली बादली खाली ठेवली आणि कुठल्या इस्पितळात नेलंय ते विचारलं. काकींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"तेका कशाक इस्पितळ? चीनान आडवल्यान की आपसूक चढतलो," म्हणाल्या, आणि कपडे वाळत घालायला वळल्या.

मी घरात येऊन बायकोला म्हटलं, शेजारी कुणीतरी पडलंय आणि चीननं अडवलं की तो चढणार आहे. सुषमा शाळेत शिकवते. असल्या उत्तरांची तिला सवय आहे. ती म्हणाली, "दारू असेल."

दारू नव्हती. डिस्प्रोसियम होतं. दुर्मिळ मृदा, म्हणजे पेपरवाले ज्याला रेअर अर्थ म्हणतात, त्या घराण्यातला हा एक धातू. विजेवरच्या स्कूटरची मोटार, पवनचक्की, मोबाइलचा स्पीकर, सगळीकडे जे एवढेसे पण भलत्या ताकदीचे लोहचुंबक असतात ते ह्या घराण्याच्या जिवावर. हे मला काकींनीच शिकवलं. घराण्यातल्या मंडळींची नावं त्यांच्या जिभेला जड जात, म्हणून त्यांनी सगळ्यांची नवी बारशी करून टाकली होती. डिस्प्रोसियम तो देवप्रसाद. नियोडिमियम तो निळकंठ. प्रेसियोडिमियम तो परशुराम. निळकंठ आणि परशुराम खाणीतून एकत्र निघतात आणि बाजारातही बहुधा एकत्रच विकले जातात, म्हणून ते जुळे. देवप्रसाद त्यांचा मावसभाऊ. "चुंबक तापलो तरी ताकद सोडीना, ती ह्या देवप्रसादामुळां," काकी सांगायच्या, घरातल्या कर्त्या मुलाबद्दल सांगावं तशा.

ह्या सगळ्याच्या मुळाशी होते एका कंपनीचे शेअर. कंपनी मुंबईची, तिची खाण दूर दुसऱ्या राज्यात. नाव सांगत नाही, कंपनी अजून आहे. कोकमाची सोलं विकून जे मिळे त्यातून काकी अधूनमधून एखादा शेअर घेत. पण त्यांचा रुबाब असा, की कंपनी त्यांची आहे आणि अध्यक्ष वगैरे मंडळी कामाला ठेवलेली आहेत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "माका आधीच वास इल्लो." भाव चढला की वास आलेला असे. पडला की आलेला असे. चीननं निर्यात अडवली, सोडली, पुन्हा अडवली, दर वेळी काकींना वास आलेला असे, आणि दर वेळी तो आम्हाला दुसऱ्या दिवशी कळे. एकदा सुषमानं विचारलं, "काकी, एखादा वास आदल्या दिवशी नाही का सांगता येणार?" काकी म्हणाल्या, "बाजारात फुकट वास कोण देता?"

चीनबद्दल त्या विहिरीवरच्या भांडखोर शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलत. "विहीर तेची, दोर तेचो. कळशी घेवन गेल्यार म्हणता, आज वार बरो नाय." पण भाव चढायचा तर चीननं आडमुठेपणा करणं गरजेचं होतं. त्यामुळे नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला गेलो तेव्हा काकींनी डोळे मिटून, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं मागणं मागितलं, "देवा महाराजा, त्या चीनाक आसा तशीच बुद्धी ऱ्हांव दी." पुजाऱ्यानं प्रसाद देताना त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं.

काकींचे यजमान दत्ताकाका. ते सोप्यावर बसलेले असत. सोपा म्हणजे आमच्याकडच्या घरांना पुढच्या दाराशी असतो तो ऐसपैस बाक. काकांचं आयुष्य टिपर चालवण्यात गेलेलं, खाणीवरून लोखंडाची माती भरायची आणि नदीवरच्या धक्क्यावर बार्जपाशी नेऊन ओतायची. गाडी स्वतःची होती. खाणी बंद पडल्या, गाडी काही काळ अंगणात उभी राहिली, मग विकली गेली. तेव्हापासून काका सोप्यावर. मी येता-जाता "काय काका" म्हणे, ते मान हलवत. त्यापलीकडे मी त्यांचा शब्द ऐकला नव्हता. आमच्या आळीत समज असा होता की काकी दोघांच्याही वाट्याचं बोलून टाकतात, त्यामुळे काकांना काही शिल्लकच राहत नाही. मीही ह्या विनोदाला हसत असे.

काकींच्या शेअरांची बातमी आळीत पसरली ती मिंगेल पदेरामुळे. हा सकाळ-संध्याकाळ सायकलवरून पाव विकायला येई. एका सकाळी काकी त्याला म्हणाल्या, "आज दोनच पाव दी. देवप्रसादाच्या काळजीन जेवाक जायना." मिंगेल सज्जन माणूस. त्यानं पुढच्या प्रत्येक दारात पावाबरोबर ही बातमीही दिली. दत्ताकाका सोप्यावर जिवंत बसलेले असताना काकींना कुणा देवप्रसादाची एवढी काळजी, हे काही बायकांना पटेना. दुपारी चार-पाच जणी हळदीकुंकवाला आल्यासारखा चेहरा करून आल्या. काकींनी चहा केला आणि त्यांना निळकंठापासून सुरुवात करून सगळं घराणं समजावून सांगितलं. बायका आल्या होत्या अब्रू बघायला, गेल्या शेअर घ्यायचं ठरवून. मिंगेलच्या बायकोनंही घेतले. माझं खातं सुषमानं उघडून दिलं आणि वर म्हणाली, "मी थांबवलं नाही असं नंतर म्हणू नकोस."

त्यानंतर आलं हरमलचं प्रकरण. काकींचं माहेर हरमलचं. भावाचं घर समुद्रापासून जवळ, त्यातल्या खोल्या पाहुण्यांना भाड्यानं दिलेल्या. किनाऱ्यावरच्या काळसर वाळूतही दुर्मिळ माती सापडते असं काकींनी कुठंतरी वाचलं, आणि लहानपणी आपण ज्या वाळूत खेळलो ती काळसर होती हे त्यांना आठवलं. गॅरेजवाल्याकडून जळक्या स्पीकरचा चुंबक आणला, त्याला सुतळी बांधली आणि एका रविवारी मला म्हणाल्या, "प्रकाशा, मोटारसायकल काढ. माहेरा जांवचा आसा."

हरमलच्या किनाऱ्यावर काकी नऊवारीचा पदर खोचून, सुतळीला बांधलेला चुंबक वाळूतून ओढत चालल्या. मागे मी, हातात लोणच्याची रिकामी बरणी. थोड्या वेळानं आमच्या मागं एक दाढीवाला परदेशी पाहुणा चालू लागला. त्याच्या मागं त्याची मैत्रीण. मग आणखी दोघं. त्यांना वाटलं, हा काहीतरी विधी आहे. काकी थांबल्या की तेही थांबत. काकींनी वाकून चुंबकाला चिकटलेली काळी भुकटी बोटांनी काढली, तशी त्या दाढीवाल्यानं हात जोडून चिमूटभर मागितली आणि कपाळाला लावली. बाकीच्यांनीही लावली.

काकींचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी भुकटी दोन बोटांत चोळली, उन्हात धरली, आणि त्यांचा चेहरा उतरला. "लोखंड," म्हणाल्या. "डिचोलीत तांच, हयही तांच. माजी पाठ सोडीना." बरणी त्यांनी तिथंच रिकामी केली. घरी भावजयीनं माशाचं जेवण वाढलं तेव्हा त्या नेहमीपेक्षा गप्प होत्या. तेव्हा मला वाटलं, शोध फसला म्हणून.

त्याच सुमारास भाव कोसळला. चीननं अडवायचं सोडून दिलं होतं. आळीतल्या बायका पुन्हा आल्या, ह्या वेळी चेहरे निराळे होते. मी कुंपणाजवळच्या जास्वंदीला उगाचच पाणी घालत उभा राहिलो. काकींनी पुन्हा चहा केला. "माका आधीच वास इल्लो" हे त्यांनी म्हणायला नको होतं, पण त्या म्हणाल्या.

"वास आला होता तर बोलला का नाहीत?" मिंगेलच्या बायकोनं विचारलं.

"बोललंय आसतंय तर तुमी विकल्यात आसतात, आनी भाव आजून पडलो आसतो," काकी म्हणाल्या. मग काकींनी खालच्या आवाजात सांगितलं, "कंपनीची वर्साची सभा येता. मी सभेत अध्यक्षाक विचारतलंय. तुमच्या सगळ्यांच्या वतीन."

ही सभा फोनवर बसून पाहता येते आणि आधी नाव नोंदवलं तर भागधारकाला बोलायलाही मिळतं. नाव मी नोंदवलं. काकींनी आठवडाभर प्रश्न तयार केले. निळकंठ-परशुरामाचं उत्पादन कधी वाढणार, देवप्रसाद वेगळा काढायचा कारखाना रखडला का, चीनशी स्पर्धा कशी करणार. खरी नावं त्या देवापुढं बसून पाठ करत. "डिस्... प्रो... सियम," असं शेजारून ऐकू येई, मधे घंटा वाजे, पुन्हा "डिस्प्रोसियम".

सभेच्या दिवशी मी, तुयेला ज्या कारखान्यात नोकरी करतो तिथून, अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. काकींनी ठेवणीतली साडी नेसली होती. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला, मागं गणपतीची तसबीर दिसेल असा. काका नेहमीप्रमाणे बाहेर सोप्यावर.

आधी अध्यक्ष बोलले. मग बोलणारे भागधारक. एक गृहस्थ नुसतेच अध्यक्षांच्या प्रकृतीबद्दल बोलले. दुसऱ्यांनी शेर म्हटला. तिसऱ्यांची तक्रार होती की पूर्वी सभेला गेलं की फराळाचा डबा मिळायचा, सभा फोनवर आल्यापासून तो बंद झाला. काकी खुर्चीत ताठ बसून ऐकत होत्या. मला म्हणाल्या, "हे लोक आपल्या बरोबरीचे भागधारक. काय ही संगत."

मग कंपनीनं खाणीची एक छोटी फिल्म दाखवली. डोंगर, यंत्रं, आणि एकामागोमाग एक टिपर. एक टिपर मागे येताना पीं-पीं आवाज सुरू झाला, आणि आमच्या मागं दारात सावली पडली. दत्ताकाका आत आले होते. ते फोनच्या इतक्या जवळ वाकले की तांदळाचा डबा हलला.

"गाडयेमागे माणूस नाय," काका म्हणाले.

मी काकींकडे पाहिलं. काकी काकांकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या हातातला प्रश्नांचा कागद हळूहळू मांडीवर उलटा होत होता.

"काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"गाडी मागे घेता, आनी इशारो देवक मागे माणूस नाय. बाजूक दरड आसा. दिसना तुका?"

तेवढ्यात फोनमधून आवाज आला, "अब हमारी अगली वक्ता, गोवा से श्रीमती मालन गावस." काकींनी घसा साफ केला. त्यांचं हिंदी हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. "अध्यक्ष महोदय, हम डिचोली से बोलती," त्या म्हणाल्या. "आमच्या आळीच्या बायकांचे लय प्रश्न हैं. वो बाद में. पहले हमको ये बताव, तुम्हारी गाडी पीछे लेती, तो पीछे आदमी क्यों नहीं खडा?"

अध्यक्ष दचकले. चष्मा नीट केला. ते मराठीत म्हणाले, "बाई, हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता." मग त्यांनी खाणीवरच्या व्यवस्थापकांना बोलायला सांगितलं. हा तरुण माणूस डोक्यावर पिवळा टोप घालूनच बसला होता. तो म्हणाला, माणूस आहे, पण कॅमेऱ्याच्या चौकटीत आलेला नाही.

"म्हणजे चुकीच्या बाजूक उभो आसा," काका मागून म्हणाले.

"कोण बोललं?" व्यवस्थापकानं विचारलं.

"माझे यजमान," काकी म्हणाल्या आणि फोन उचलून सरळ काकांच्या हातात दिला. काकांनी तो गरम भांडं धरावं तसा दोन हातांनी धरला. मला वाटलं, आता परत देतील. पण ते बोलले. माणूस चालकाच्या बाजूला हवा, आरशात दिसेल असा. दुसऱ्या बाजूला उभा राहिला तर चालकाला तो असून नसल्यासारखाच. व्यवस्थापक म्हणाला, त्या बाजूला दरड आहे, म्हणूनच माणूस तिकडे उभा करत नाही. काका म्हणाले, मग रस्ताच चुकीचा काढलाय. व्यवस्थापक म्हणाला, रस्ता सर्व्हे करून काढलाय. काका म्हणाले, सर्व्हे करणाऱ्यानं कधी भरलेली गाडी पावसात मागे घेतली आहे का ते आधी विचार. सूत्रसंचालक बाई मधेच "वेळ संपली, वेळ संपली" म्हणत होत्या. अध्यक्ष गालात हसत होते. शेवटी कुणीतरी आमचा आवाज बंद केला. काका आणखी बराच वेळ त्या मुक्या फोनशी वाद घालत राहिले.

आळीच्या बायकांचे प्रश्न तसेच राहिले. संध्याकाळी त्या आल्या तेव्हा काकी म्हणाल्या, "वेळ कमी पडलो." पण बायकांचं तिकडे लक्षच नव्हतं, कारण काका सोप्यावर मिंगेलला थांबवून, पावाच्या टोपलीचा टिपर आणि पानाच्या डब्याची दरड करून, तो टोपवाला पोरगा कसा चुकीचा आहे ते समजावून देत होते. मिंगेलची बायको दारातच उभी राहिली. तिनंही काकांचा आवाज कितीतरी काळानं ऐकला असावा. शेअरचं कुणी बोललं नाही. सगळ्या चहा पिऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी काकी कुंपणाशी आल्या, पण हातात कपडे नव्हते.

"तुका सांगतंय," त्या म्हणाल्या. "गाडी गेल्यार हे माझ्याशी बोलत नव्हते असा नाय. कोणाशीच नाय. जेवण वाढला तर जेवत, नाय वाढला तर मागत नसत. मी आपली बडबडत ऱ्हवंय, घरात आवाज होवक व्हयो म्हणान. एक दिवस टीव्हीवर कसल्याशा खाणीची बातमी लागली. गाडये दिसले. आनी हे म्हणाले, 'ती गाडी ज्यास्त भरल्या.' इतक्याच. मी हातातला भांडा तसाच धरून ऱ्हवलंय."

"ती बातमी दुर्मिळ मातीची होती?" मी विचारलं.

"होय. लोखंडाची बातमी लागली तर हे भिंतीकडे तोंड करतत. म्हटला, आपण दुसरी खंयची तरी माती सोधूया." त्यांनी जास्वंदीचं एक वाळकं पान खुडलं. "पण बातमी समजल्याशिवाय लावतलंय कशी? म्हणान शिकलंय. शेअर घेतल्यार कंपनी आपणहून काय काय धाडता, फोटो, फिल्मी. दर वेळेक मी मोठ्यान सांगी. दर वेळेक वाटा, आज बोलतले. पण गाडी दिसली तरी बोलनत. कालच बोलले."

हरमलच्या वाळूत लोखंड सापडलं तेव्हा त्या का गप्प झाल्या, ते मला तेव्हा कळलं. आळीतल्या त्या विनोदाला मी हसत असे, तेही आठवलं. काकींनी लगेच आवाज चढवून मला चीनची ताजी बातमी दिली.

भाव पुढं थोडा सावरला, फार नाही. मिंगेलच्या बायकोनं आपले शेअर विकले आणि त्यात घरासाठी मिक्सर घेतला, तो ती अभिमानानं वापरते. माझे अजून आहेत. सुषमा कधीमधी विचारते, मी विषय बदलतो. पण काकांची मात्र पंचाईत झाली. सभा वर्षातून एकदाच, आणि त्यांना त्या टोपवाल्याशी बोलायचं अजून बरंच राहिलेलं. "परत कधी?" म्हणून त्यांनी इतक्या वेळा विचारलं की काकींनी उपाय काढला. सिमेंटची कंपनी, कोळशाची कंपनी, रस्ते बांधणारी कंपनी, जिथं म्हणून गाड्या मागे-पुढे होतात अशा प्रत्येक कंपनीचा त्यांनी एकेक शेअर घेतला. एकच. त्याच्यावर सभेला बसता येतं.

आता सभा असली की काका सकाळीच दाढी करतात आणि इस्त्रीचा शर्ट घालतात.

परवा तुयेहून परतताना मी त्यांच्या दारावरून गेलो. सिमेंटच्या कंपनीची सभा चालू होती. फोन सोप्यावरच मांडला होता आणि त्याच्यापुढं दोघं शेजारी-शेजारी बसली होती. पडद्यावर एक अवाढव्य पिवळं यंत्र डोंगर खरवडत होतं.

"हां कसला यंत्र हो?" काकींनी विचारलं.

काका पुढं सरकून सांगू लागले. ते कसं चालतं, बादली कशी वळते, कुठल्या मातीत अडकतं. काकी हनुवटीला हात लावून ऐकत होत्या, मधूनच "असा काय?" म्हणत होत्या. त्या यंत्राची सगळी माहिती, त्याच्या वजनासकट, काकींनी मला गेल्या महिन्यातच कुंपणावरून सांगितली होती. माझ्याकडे त्यांची नजर गेली. मी मोटारसायकल ढकलत, आवाज न करता पुढं नेली आणि घरापाशी जाऊन उभी केली.